सिंहलद्वीपाचे अनवाणी पथिक संत जोसेफ वाझ

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे चर्चच्या भिंती केव्हा उभ्या राहिल्या, घंटा कोणी अर्पण केली, वेदीचा जीर्णोद्धार कोणत्या साली झाला, यांची आपण मोजदाद करतो, आणि ती करणे योग्यच आहे. तथापि ख्रिस्तसभेच्या इतिहासात असेही काळ येऊन गेले आहेत की, जेव्हा चर्चे परक्यांच्या हाती गेली होती, घंटा मुक्या झाल्या होत्या, आणि हजारो श्रद्धावंतांचा आधार एका माणसाच्या दोन पायांवर येऊन ठेपला होता. त्या माणसाचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली या त्यांच्या मातुल गावी झाला. वडिलांचे घराणे सांकवाळचे. गोव्यातील विद्यालयांत अध्ययन पुरे करून १६७६ साली त्यांनी गुरुदीक्षा घेतली आणि त्यानंतर गोरगरिबांप्रमाणे अनवाणी चालण्याचा परिपाठ धरला. १६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कानडा प्रांतातील विखुरलेल्या ख्रिस्ती लोकांची सेवा केली. त्या दिवसांत गोव्यातील युरोपीय धर्मसंघांची दारे देशी धर्मगुरूंना बंद होती. म्हणून काही देशी धर्मगुरू जुने गोवे येथे एकत्र राहू लागले होते. १६८५ साली फादर वाझ त्यांना जाऊन मिळाले व लवकरच त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी यांच्या नियमांनुसार चालणारी हीच गोव्याची ओरेटरी होय.

परंतु त्यांचे चित्त लंकेकडे लागले होते. पोर्तुगीज १५०५ साली त्या बेटावर प्रथम आले. पुढे त्यांनी किनारे जिंकले, आणि किल्ल्यांच्या छायेत चर्चे वाढली. त्यांना घालविण्यासाठी डोंगराळ प्रदेशातील कँडीच्या राजाने डचांशी सख्य केले. डचांनी १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना घेतले. मात्र किनारे राजाला परत न करता ते आपल्याच हाती ठेवले. कॅल्विनपंथी डचांनी कॅथॉलिक धर्मगुरूंना बेटावर बंदी केली व त्यांना आश्रय देणाऱ्यांवर कडक शिक्षा लादल्या. किल्ल्याबरोबर आलेले धर्मगुरू किल्ल्याबरोबरच गेले. लोक मात्र तेथेच राहिले. सुमारे तीस वर्षे मिस्सा नाही, पापक्षमा नाही, मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

ही हकीकत ऐकून फादर वाझ १६८६ साली गोव्याहून निघाले. त्यांच्यामागे ना आरमार होते, ना सरकारी परवाना. मलबारच्या वाटेने ते तुतिकोरिनला पोहोचले, आणि १६८७ साली मजुराचा वेश करून, जॉन नावाच्या आपल्या निष्ठावंत सेवकासह, समुद्र ओलांडून लंकेत उतरले. जाफन्यात पोहोचताच त्यांना आमांशाने घेरले व ते मरणाच्या दारातून परत आले. मग गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. त्या माळेकडे पाहून कोणाच्या चेहऱ्यावर ओळखीचे भाव उमटतात, हे पाहण्याची त्यांची ती युक्ती होती. अशा रीतीने लपून राहिलेली घरे त्यांना एकेक करून सापडली. सिल्लालै गावच्या ख्रिस्ती बांधवांनी त्यांना आसरा दिला. दिवसा लपावे, रात्री ताडांच्या बनांतून गावोगाव जाऊन साक्रामेंत द्यावी, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

१६८९ च्या नाताळच्या सुमारास डचांनी जाफन्यातील कॅथॉलिकांवर धाड घातली. कित्येक पकडले गेले व काहींचा अतोनात छळ झाला. फादर वाझ हाती लागले नाहीत. आपल्यापायी लोकांवर आणखी संकट येऊ नये, आणि दूरच्या कळपालाही मेंढपाळ मिळावा, या दुहेरी हेतूने ते पश्चिम किनाऱ्यावरील पुत्तलम येथे गेले. हे बंदर कँडीच्या राज्यात मोडत असे. तेथून १६९२ साली ते घाटांची वाट चढून राजधानीकडे निघाले.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. लंकेच्या किनाऱ्याभोवती डचांची ठाणी होती, तर मध्यभागचे डोंगर बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याच्या सत्तेखाली होते. त्या डोंगरांत एकदा पाय रोवला की, पूर्वेस, पश्चिमेस वा उत्तरेस, कोठेही गुप्तपणे उतरता येणार होते. तथापि आरंभ तुरुंगानेच झाला. राजदरबारी असलेल्या एका कॅल्विनपंथी फ्रेंच गृहस्थाने ते पोर्तुगिजांचे हेर आहेत, असा गवगवा केला व राजाने त्यांना कैदेत टाकले. पूर्वीच्या काळी क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून आले होते. तेव्हा राजाला संशय आला, यात नवल ते काय? फादर वाझ यांनी वाद घातला नाही. कैदेत त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास केला, आणि थोडी मोकळीक मिळताच एक झोपडीवजा प्रार्थनास्थान उभारले. त्यांचे चरित्रकार सांगतात की, पुढे मोठे अवर्षण पडले असता फादरांनी भर चौकात वेदी मांडून प्रार्थना केली व पाऊस कोसळला. राजाचा संशय फिटला आणि त्याने त्यांना आपल्या राज्यात धर्मकार्य करण्याची मुभा दिली. ज्यांना ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी छळले, त्यांना एका बौद्ध राजाने आश्रय दिला, हे आपण कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.

यापुढे कँडी हे त्यांच्या प्रवासांचे केंद्र झाले. डोंगर उतरून रानावनांतून किनाऱ्यावर जावे, डच पहाऱ्यांना चुकवून लोकांना भेटावे, आणि पुन्हा डोंगर चढावा, असा तो आयुष्यक्रम होता. आज आपण ज्याला देश पाहणे म्हणतो, तसे त्यांनी बेट पाहिले नाही. तथापि एकेका आजाऱ्याच्या झोपडीपर्यंत चालता चालता त्यांना नद्यांचे उतार, रानातील पायवाटा, उत्तरेची तमिळ व दक्षिणेची सिंहली बोली, आणि लोकांच्या मनातील जुनी दुःखे यांची जी ओळख झाली, ती तटावरून पाहणाऱ्या अंमलदारास कधी झाली नसेल.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. भयाने घरचीच माणसे रोग्यांना टाकून रानात गेली. फादर वाझ व गोव्याहून नुकतेच आलेले त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनी बौद्ध, ख्रिस्ती असा भेद न करता रोग्यांना अन्नपाणी दिले, त्यांच्या जखमा धुतल्या व मृतांना मूठमाती दिली. गोव्याच्या ओरेटरीतून आणखी धर्मगुरू येत गेले. त्यांत १७०५ साली आलेले फादर जाकोमे गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. बिशपपद देऊ केले असता फादर वाझ यांनी ते नाकारले. शरीर थकले तरी चालणे थांबले नाही. अखेरच्या प्रवासातून ते आजारी होऊन कँडीस परतले आणि १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, परलोकवासी झाले. त्यांची कबर आज कोणास दाखविता येत नाही. परंतु त्यांनी जगविलेली ख्रिस्तसभा अद्याप जिवंत आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली त्यांना धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या समुद्रतीरी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

आम्हां उत्तर कोकणच्या ख्रिस्ती लोकांना हे चरित्र परके वाटू नये. १७३९ साली वसईचा किल्ला पडला, युरोपीय धर्मगुरू निघून गेले, आणि पुढे देशी धर्मगुरूंनीच या भूमीतील कळप राखला. राज्ये येतात व जातात. राजसत्तेच्या टेकूवर उभी राहिलेली श्रद्धा टेकू निसटताच डळमळते, परंतु दुःखिताच्या दारापर्यंत पायी चालत गेलेली श्रद्धा लोकांच्या घरात मूळ धरते.

आपल्याही धर्मग्रामात आळीच्या टोकाशी एखादे घर असते, जेथून बरेच दिवसांत कोणी मिस्सेला आलेले नसते. एखादी म्हातारी अंथरुणाला खिळलेली असते. तेथे जाण्यास ना समुद्र ओलांडावा लागतो, ना पहारे चुकवावे लागतात. महोत्सवाच्या रोषणाईनंतर आपली पावले त्या दाराकडे वळोत, आणि संत जोसेफ वाझ आपल्यासाठी प्रभूपाशी विनवणी करोत, हीच आमची प्रार्थना.