बाबुराव शेडमाके: तारखात्याच्या छावणीवरचा हल्ला आणि अहेरीवरचा दबाव

आरमोरी ते अहेरी हा मुलूख १८५८ मध्ये चांदा जिल्ह्यात होता. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी मार्चमध्ये इथे इंग्रजांविरुद्ध उठाव केला.

२९ एप्रिलला बंडकऱ्यांनी प्राणहितेकाठच्या चिंचगुडीत तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे कर्मचारी मारले गेले. इंग्रजांसाठी तार म्हणजे फौजेला झटपट हुकूम पोचवण्याचं साधन. त्यामुळे हा घाव वर्मी लागला.

पण घनदाट जंगलात बाबुराव सापडेनात. १००० रुपयांचं इनामही पुरलं नाही. मग कॅप्टन क्रिक्टन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. त्यांच्याच माणसांनी १८ सप्टेंबरला बाबुरावांना पकडून दिलं.

२१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. वय होतं अवघं २५. फौजेला जमलं नाही, ते शेजारच्या जमीनदारीला हाताशी धरून इंग्रजांनी साधलं.