हेलिकॉप्टरच्या पात्याला बिजागरी देणारा सिएर्व्हा

८ ऑक्टोबर १९४८ ला इंग्लंडमध्ये दोन सीटचं एक छोटं हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडालं. नाव स्किटर, म्हणजे डास. ते बनवणारी कंपनी हुआन दे ला सिएर्व्हा या स्पॅनिश इंजिनिअरच्या नावाची होती. तो मात्र १२ वर्षांपूर्वीच गेला होता.

सिएर्व्हाचा जन्म १८९५ चा, स्पेनमधल्या मुर्सियाचा. १९१९ मध्ये त्यानं बनवलेलं तीन इंजिनांचं विमान जमिनीजवळ वेग कमी पडून कोसळलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच भुंगा: वेग घटला तरी पडणार नाही असं यंत्र हवं.

त्यातून आली ऑटोजायरो. पुढे साध्या विमानासारखा पंखा आणि डोक्यावर मोठी पाती. ही पाती इंजिन फिरवत नाही, वाऱ्यानं ती आपोआप फिरतात. म्हणून इंजिन बंद पडलं तरी ती यंत्राला धरून ठेवतात.

कागदावर हे सोपं होतं, प्रत्यक्षात यंत्र कुशीवर लवंडायचं. पुढे जाणाऱ्या पात्याला वारा जास्त लागतो, मागे येणाऱ्याला कमी. गंमत म्हणजे लहान मॉडेल छान उडायचं, कारण त्याची वेताची पाती लवचिक होती. तिथे सिएर्व्हाची ट्यूब पेटली. मोठ्या पात्यांना त्यानं मुळाशी बिजागरी दिली, वर-खाली हलायला. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ यंत्र उडालं.

१९२५ मध्ये ब्रिटिशांनी त्याला बोलावलं, पुढच्या वर्षी तिथे कंपनी निघाली. १९२७ मध्ये एक पातं तुटून वैमानिक जखमी झाला. मग दुसरी बिजागरी आली, पात्याला मागे-पुढे हलू देणारी. १९२८ मध्ये त्यानं स्वतः ऑटोजायरो चालवत इंग्लिश खाडी ओलांडली.

१९३६ मध्ये फ्रँकोसाठी लंडनमध्ये विमान भाड्यानं मिळवण्यात त्याचा हात होता. चरित्रातला हा भाग कौतुकानं सांगण्यासारखा नाही. त्याच वर्षी ९ डिसेंबरला क्रॉयडनहून धुक्यात निघालेलं प्रवासी विमान एका घरावर आदळलं. त्यात सिएर्व्हा होता. विमान नेहमीचं, स्थिर पंखांचं होतं.

स्किटरला त्याच्या बिजागऱ्या वारशात मिळाल्या, आणि दुसरीचं दुखणंही. जमिनीवर असताना पाती मागे-पुढे सरकून तोल जरा बिघडला की यंत्र चाकांवर डोलायला लागतं. डोलण्यानं पाती आणखी सरकतात, आणि काही सेकंदांत सगळं मोडतं. १९५० मध्ये दुसरं स्किटर असंच जमिनीवर मोडलं. त्याच जूनमध्ये कंपनीचं मोठं हेलिकॉप्टर, एअर हॉर्स, कोसळून तिघं गेले. स्किटरचं पहिलं उड्डाण करणारा ॲलन मार्श त्यांच्यातला एक.

१९५१ मध्ये सॉन्डर्स-रो कंपनीनं काम हाती घेतलं. पुढची काही वर्षं हे थरथरणं काबूत आणण्यातच गेली. त्यानंतर कुठे स्किटर ब्रिटिश सैन्यात दाखल झालं.