फायबरची होडी, फेरोसिमेंट आणि पाबळचे डॉ. कलबाग

जुन्या फायबरच्या होडीवर थेट रंग मारला तर तो टिकत नाही. आधी होडी पूर्ण वाळवायची, सुटलेला वरचा थर पॉलिश पेपरने घासून काढायचा, तडा असेल तिथे काचेची मॅट लावून हार्डनर घातलेलं रेझिन भरायचं. रंग सगळ्यात शेवटी. ताकद काचेच्या धाग्यांची असते, रेझिन त्यांना धरून ठेवतं.

याच जोडगोळीचा एक स्वस्त भाऊ आहे, फेरोसिमेंट. इथे धाग्यांच्या जागी तारेची जाळी आणि रेझिनच्या जागी सिमेंट-वाळूचा पातळ थर. गंमत बघा, फ्रान्सच्या जोसेफ-लुई लाँबोने 1848 साली या पद्धतीने होडीच बनवली होती!

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला समुद्र नाही, पाऊसही बेताचाच. तिथे फेरोसिमेंट कामाला आलं ते पाण्याच्या टाक्यांसाठी. आणि शाळा सुटलेल्या पोरांना ते शिकवणारी जागा उभी केली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांनी.

माणूस मोठा शिकलेला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची फूड टेक्नॉलॉजीतली पीएच.डी., नंतर मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरची जागा. पन्नाशी ओलांडल्यावर शहरात निवांत राहता आलं असतं. पण 1983 मध्ये ते पत्नी मीराताईंसोबत पाबळला आले आणि पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या वतीने विज्ञान आश्रम सुरू केला.

त्यांचं म्हणणं साधं होतं: पोरगं नापास झालं म्हणजे त्याला डोकं नाही असं नाही, त्याला हाताने शिकू द्या. टाकी बांधायची तर किती लिटरची, हे काढताना घनफळ आलं. माल कालवताना प्रमाण आलं. सिमेंटला रोज पाणी का मारायचं, यात रसायनशास्त्र आलं. खर्चाचा अंदाज काढला की गणित आलंच. वेल्डिंग, वीज, शेती, जनावरं, आरोग्य, सगळं असंच. शिवाय पोरं गावातली खरी कामं पैसे घेऊन करायची. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वहीत चुकलं तर लाल रेघ येते, पण टाकी गळली तर ज्याने पैसे दिलेत तोच दारात उभा राहतो.

कलबाग जुन्यालाच चिकटून बसले नाहीत. दुष्काळी भागात विहीर कुठे खणायची, यासाठी जमिनीचा विद्युत रोध मोजण्याचं तंत्रही आश्रमात शिकवलं जाई. 2002 मध्ये अमेरिकेच्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब आली, म्हणजे कॉम्प्युटरवर आखा आणि मशीनवर कापून घ्या. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि तीही शिरूर तालुक्यातल्या खेड्यात!

पुढच्याच वर्षी, 2003 मध्ये, कलबाग गेले. आश्रमाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम त्यांच्यानंतरही चालू राहिला.