पॉल ड्रूड: दोन चुका, एक बरोबर उत्तर आणि लेसर

मोहोळला आमच्या घरी पाहुण्यांना कपबशी आणि घरच्यांना स्टीलचा पेला. आजी पेला पदराने धरायची, कारण धातू लगेच चटका देतो. का देतो, हे इलेक्ट्रॉनच्या भाषेत मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक म्हणजे पॉल ड्रूड. इंजिनिअरिंगला असताना मी त्यांना फक्त एका सूत्रापुरतं पाठ केलं होतं. माणूस नंतर कळला.

जन्म १२ जुलै १८६३, जर्मनीतलं ब्राउनश्वाइग. वडील डॉक्टर. ग्योटिंगेनला गेले गणित शिकायला, पण वळले भौतिकशास्त्राकडे. १८८७ मध्ये डॉक्टरेट मिळाली. पुढे बरीच वर्षं एकच नाद: चकचकीत धातूवर प्रकाश पडला की किती परत येतो आणि किती आत मुरतो. प्रकाशाच्या वेगासाठी आपण 'सी' लिहितो ना, निर्वात जागेतल्या वेगासाठी ते अक्षर १८९४ मध्ये त्यांनीच वापरलं.

१८९७ मध्ये इलेक्ट्रॉन सापडला आणि १९०० मध्ये ड्रूड यांनी एक साधी कल्पना मांडली. धातूच्या आत इलेक्ट्रॉन हवेतल्या रेणूंसारखे मोकाट फिरतात, अणूंना धडकतात, आणि वीज व उष्णता दोन्ही तेच वाहून नेतात. या हिशोबातून उष्णता आणि वीज वाहण्याचं जे गुणोत्तर आलं, ते प्रयोगातल्या आकड्याच्या जवळ होतं. सगळे खूश!

पण एक गोष्ट खटकत होती. इलेक्ट्रॉन खरंच असे मोकाट असतील, तर धातू तापवायला बरीच जास्त उष्णता लागायला हवी. तशी ती लागत नव्हती. उलगडा झाला १९२७-२८ च्या सुमारास, सॉमरफेल्ड यांच्या कामातून. ड्रूड यांनी इलेक्ट्रॉनची उष्णता साठवायची क्षमता सुमारे १०० पट जास्त धरली होती, आणि त्यांच्या वेगाचा वर्ग सुमारे १०० पट कमी. दोन बग एकमेकांना खाऊन टेस्ट पास. कोड लिहिणाऱ्याला यासारखी भीती दुसरी नाही.

हे ऐकायला ड्रूड नव्हते. १९०० पासून ते 'आनालेन डेर फिजिक' या नामांकित नियतकालिकाचे संपादक होते, आइन्स्टाइनचे १९०५ चे गाजलेले लेख त्यांच्याच काळात तिथे छापले गेले. त्याच वर्षी ते बर्लिनच्या भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले. आणि ५ जुलै १९०६ ला, ४३ वा वाढदिवस आठवड्यावर असताना, त्यांनी आयुष्य संपवलं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं जमून आलेलं दिसत होतं. कारण आजही कोडंच आहे.

आता त्या चुकीकडे परत येऊ, कारण लेसरची गंमत तिच्यातच आहे. पळीभर तेल क्षणात कडकडीत होतं, हंडाभर पाणी होत नाही. धातूत इलेक्ट्रॉन म्हणजे पळीतलं तेल आणि अणूंची जाळी म्हणजे हंडा. १०० फेम्टोसेकंदांचा लेसर मारला (१ सेकंदाचे १ वर १५ शून्यं इतके भाग केले की एक फेम्टोसेकंद), तर प्रकाश इलेक्ट्रॉन पितात आणि हजारो अंशांवर जातात. जाळी तेव्हा जवळजवळ थंडच! एकाच धातूत, एकाच जागी, दोन तापमानं.

मग इलेक्ट्रॉन जाळीला हलवतात. या थरथरीच्या एका हप्त्याला फोनॉन म्हणतात. पण तांब्याचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा १ लाख पटींहून जड. गोटी वरवंट्यावर आपटावी तसं, एका धडकेत फार थोडी ऊर्जा जाते. त्यामुळे दोघांचं तापमान सारखं व्हायला काही पिकोसेकंद लागतात, म्हणजे हजारो फेम्टोसेकंद. हे गणित १९५६ मध्ये कागानोव, लिफ्शिट्झ आणि तानातारोव यांनी मांडलं, १९७४ मध्ये अनिसिमोव आणि सहकाऱ्यांनी ते लेसरला लावलं.

हृदयातल्या स्टेंटची बारीक जाळी अशा लेसरने कापतात. उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत काम झालेलं असतं, म्हणून कडा फारशा वितळत नाहीत. आणि धातू किती प्रकाश पिईल, याचा पहिला अंदाज काढायला आजही अनेकदा ड्रूड यांचंच सूत्र घेतात.