सरफोजीराजे आणि सरस्वती महाल

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले (१७७७–१८३२) यांचे जीवन राजकीय इतिहासात एका सत्ताहीन राजाचे ठरते. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र त्याचे मोल त्यांच्या ग्रंथसंग्रहावरून करावे लागते.

तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाराजांचे निधन झाले. तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी गादी मिळवल्याने सरफोजींचे बालपण अस्थिरतेत गेले. जर्मन मिशनरी श्वार्त्झ यांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे मद्रासमध्ये त्यांचे शिक्षण झाले. कंपनी सरकारने १७९८ मध्ये त्यांना गादीवर बसवले व १७९९ च्या तहाने कारभार स्वतःकडे घेतला. राजांकडे किल्ला, पदवी आणि महसुलातील ठरावीक वाटा एवढेच उरले.

या मर्यादित अधिकारातूनच त्यांचे विद्याकार्य उभे राहिले. नायक राजवटीपासून चालत आलेल्या राजवाड्यातील ग्रंथभांडारात त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबरच युरोपीय भाषांतील मुद्रित ग्रंथांची भर घातली. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतही पंडितांकरवी पोथ्या मिळवण्याचे व उतरवून घेण्याचे काम चालू होते. धन्वंतरी महालातील नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी हा या संग्रहाचा विलक्षण भाग होय. त्यांनी स्थापलेल्या देवनागरी मुद्रणालयातून ‘बालबोध मुक्तावली’ हा इसापनीतीचा मराठी अनुवाद १८१० पूर्वीच छापला गेला. मुंबईत मराठी ग्रंथमुद्रण स्थिरावण्यापूर्वीची ही घटना आहे.

१८५५ मध्ये संस्थान खालसा झाले. ग्रंथ मात्र टिकले. बर्नेल यांनी केलेली संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि संग्रहाची कीर्ती मुख्यतः संस्कृत भांडार म्हणून पसरली. १९१८ मध्ये तो सार्वजनिक झाला. वस्तुतः मोडी दप्तरे आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या शहाजीराजांची मराठी नाटके याच वास्तूत जतन झाली आहेत. १८४३ च्या सांगलीतील प्रयोगापासून मराठी नाटकाचा आरंभ मानणाऱ्या मांडणीला या पोथ्या छेद देतात.

मराठी मुद्रणाचा व नाटकाचा आरंभ केवळ महाराष्ट्राच्या सीमांत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते. राज्य गमावलेल्या या राजाने राखलेले ग्रंथ त्या इतिहासाची फेरमांडणी अपरिहार्य करतात.