पंडिता रमाबाईंची मंडळी

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही अशी भगिनी आपल्या मंडळात बहुधा कोणी नसेल. त्यांची संस्कृत विद्वत्ता, शारदा सदन, केडगावचे मुक्ती सदन या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या ख्रिस्ती झाल्या हेही आपण ऐकलेले असते. पण तेवढे वाक्य उच्चारून आपण पुढे जातो. बाप्तिस्मा घेतला म्हणजे त्यांनी नेमके काय केले, आणि त्यानंतर त्या कोणाच्या झाल्या, हा प्रश्न त्यांच्या हयातीत मात्र फार कटू झाला होता. त्या अंगाने त्यांचे चरित्र पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जनापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी आपल्या धाकट्या लेकीला. हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थे करीत देशभर हिंडले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. उरलेली दोघे भावंडे १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. पण १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. रमाबाई तेव्हा अवघ्या २३ वर्षांच्या होत्या आणि पदरात दहा महिन्यांची मनोरमा होती.

त्या पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला. संसारात असताना सिलचर येथे लूककृत शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले होते. पुण्यात ते वाचन वाढले. स्वतः ब्राह्मण असून ख्रिस्ती झालेले फादर नेहेम्या गोरे यांचे लेखनही त्यांनी अभ्यासिले. वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ साली त्या विलायतेस निघाल्या, तेव्हा धर्म बदलण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता.

इंग्लंडात वाँटेज येथील सिस्टरांच्या मठात त्या उतरल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. या दुःखाच्या दिवसांतच फुलहॅम येथील एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांना सिस्टर तेथे मायेने सांभाळीत होत्या. अशा स्त्रीलाही पुन्हा उभे राहता येते असे मानणारा धर्म त्यांच्या अंतःकरणाला भिडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा म्हणजे पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने होणारा पाण्याचा संस्कार. त्याला दोन अंगे आहेत. एक आतले: जुने जीवन टाकून ख्रिस्तात नवे जीवन स्वीकारणे. दुसरे बाहेरचे: ख्रिस्ती मंडळीत दाखल होणे. आपल्याकडील ख्रिस्ती बांधव चर्चला मंडळी म्हणतात, हा शब्द मोठा बोलका आहे. चर्च म्हणजे केवळ इमारत नव्हे, एकमेकांच्या सुखदुःखाला बांधलेली माणसे. परंतु या दोन अंगांची सांगड कशी घालावयाची, येथेच रमाबाईंचा खरा झगडा सुरू झाला.

इकडे पुण्यात लोक म्हणू लागले की रमाबाई आपल्याला अंतरल्या. तिकडे मठातील सिस्टरांना वाटू लागले की रमाबाई पुरत्या आपल्या झाल्याच नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, आणि न पटलेले पटले असे म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. अंडे घातलेले पदार्थ त्या खात नसत. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपल्या देशाची संस्कृत असावीत, असे त्यांचे म्हणणे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे काय, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. तीही त्यांना रुचली नाही. मनोरमेला कोणत्या वळणाने वाढवावे यावरूनही पत्रापत्री झाली. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत झाला आहे, कोण्या एका पंथाच्या अधिकाऱ्यांपुढे बुद्धी गहाण टाकण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका होती. शास्त्रीपंडितांच्या हुकमतीतून सुटून पाद्रीसाहेबांच्या हुकमतीत जाणे त्यांना मंजूर नव्हते.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे जमलेल्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. कोणावरही धर्म लादावयाचा नाही असा तेथला नियम होता. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, त्या हिंदूच राहून. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली आपण होऊन बसू लागल्या, आणि १८९३ साली गहजब उडाला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

या सुमारास त्यांच्या मनातही एक उलथापालथ झाली होती. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळाला नाही, असे त्यांना तीव्रतेने जाणवले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आरंभ झाला होता. मनाची शांती त्यानंतर सातआठ वर्षांनी लाभली. संस्कार एका दिवसात होतो, त्याचा अर्थ उमगावयास वर्षे लागतात, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

मग आला १८९६-९७ चा दुष्काळ. स्वतः दुष्काळात पोळलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे २,००० वर गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सारे बायकांच्या हाती होते. अंध स्त्रियांना बोटांनी वाचावयास शिकविले जाई. फुलहॅमला पाहिले तसेच टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. मुक्ती सदन कोणत्याही एका पंथाचे नव्हते. ज्या मंडळीचे स्वप्न रमाबाईंनी इंग्लंडात भांडून राखले, ती त्यांना आयती कोठे मिळाली नाही. ती त्यांनी केडगावास स्वतः वसविली.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. केडगावच्या पुष्कळ मुलींनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांना दुसरा थारा नाही अशा पोरक्या मुलींची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला आणि तो अयोग्य नव्हता. रमाबाईंनी स्वतःसाठी जे स्वातंत्र्य मागितले, त्याच मापाने त्यांच्या कार्याकडे पाहणे त्यांनाही नाकारता आले नसते. पण त्याबरोबर हेही खरे की त्या मुलींना दारात घेणारे दुसरे घर तेव्हा फारसे कोठे नव्हते.

अखेरची अनेक वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालविली. त्याचे खिळे जुळविले ते मुक्ती सदनातल्याच स्त्रियांनी. १९२१ साली एकुलती मनोरमा गेली. हातचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही डोळे मिटले. मुक्ती सदनाचे कार्य आजही केडगावला चालू आहे.

भगिनींनो, आपला धर्म कोणताही असो, या चरित्रातून घेण्यासारखे एक आहे. कोठल्याही मंडळीत नाव घालणे सोपे. आपली बुद्धी आणि आपली सचोटी शाबूत ठेवून तिच्यात राहणे अवघड. आणि आपल्या मंडळीचा दरवाजा दाराशी आलेल्या शेवटच्या बाईलाही उघडा ठेवणे, हे तर त्याहून अवघड. वर्धापनदिनी आपल्या मंडळाचा हिशेब मांडताना हे मापही हाताशी असू द्यावे.