कै. दादासाहेब फाळके यांचे छायाचित्रणाचे शिक्षण

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. तथापि चित्रपट काढण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे हे गृहस्थ छायाचित्रणाची विद्या कशी शिकत होते, ते फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा भाग तोच होय.

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी एका शास्त्री घराण्यात झाला. त्यांचे वडील पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात संस्कृतचे अध्यापक झाले. म्हणजे मिशनरी विद्यालयाशी या कुटुंबाचा संबंध जुनाच म्हणावयाचा. 1885 साली धुंडिराज मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व तेथून बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे चित्रकला शिकत असतानाच, 1890 साली, त्यांनी एक कॅमेरा विकत घेतला. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. या होतकरू विद्यार्थ्याची चिकाटी पाहून त्यांनी संस्थेची छायाचित्रशाळा व प्रयोगशाळा त्यास मोकळी करून दिली. शिक्षकाने शिष्यास याहून मोठी देणगी ती कोणती द्यावी?

त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे बोटाने कळ दाबणे नव्हे. चांदीच्या क्षारांचा लेप असलेली काच कॅमेऱ्यात बसवून तिच्यावर किती वेळ उजेड पडू द्यावयाचा, हे ऊन, ढग व दिवसाचा प्रहर पाहून ठरवावे लागे. मग अंधारकोठडीत तांबड्या दिव्याच्या मंद प्रकाशात ती काच रसायनात बुडवावी, चित्र उमटू लागताच नेमक्या क्षणी बाहेर काढावी, हायपोच्या पाण्यात स्थिर करावी, धुवावी, वाळवावी. त्या काचेवर पांढरे ते काळे व काळे ते पांढरे दिसे. तिच्यावरून कागदावर छाप घेतला म्हणजे खरे चित्र हाती येई. यांपैकी एका पायरीवर चूक झाली की सारी मेहनत वाया जावयाची. ही विद्या चुका करीतच अंगी मुरते. पुढे रतलाम येथे राहून त्यांनी छायाचित्रांवरून छपाईचे ठसे करण्याची कलाही आत्मसात केली.

पण विद्या आली म्हणून अन्न मिळतेच असे नाही. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला असता प्लेगने त्यांची पत्नी व मूल दोन्ही हिरावून नेली. बडोद्यास परत येऊन पुन्हा दुकान थाटले, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व त्यायोगे मृत्यू ओढवतो, या लोकभ्रमामुळे गिऱ्हाईक फिरकेना. 1902 साली त्यांनी दुसरा विवाह केला. या पत्नी सरस्वतीबाई, ज्यांचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे. पुढील काही वर्षे पुराणवस्तुसंशोधन खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना, मग भागीदारीतील छापखाना व त्यासाठी 1909 साली जर्मनीची वारी यांत गेली. अखेर भागीदारांशी न पटल्याने तोही उद्योग सुटला, आणि चाळिशीचा हा मनुष्य रिकाम्या हाताने घरी बसला.

अशा वेळी गिरगावात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर प्रभू येशूचे जीवन हलताना पाहून, आपल्या राम-कृष्णांच्या कथा अशाच दाखविता येतील, हा विचार त्यांच्या मनात जो शिरला तो निघेना. एका धर्माच्या भक्तिकथेने दुसऱ्या धर्माच्या भक्तास वाट दाखवावी, ही गोष्ट आम्हांस विशेष हृद्य वाटते. दादासाहेबांनी पत्नीस नेऊन तो चित्रपट दाखविला, फिल्मचे तुकडे व लहानसे यंत्र मिळविले आणि मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रे पाडून अभ्यास आरंभिला. झोप नाही, विश्रांती नाही. परिणामी डोळ्यांवर ताण येऊन काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचाराने ती परत आली. आमच्या पालकांस हा हट्ट अविचाराचा वाटेल. आम्हांसही तो तसाच वाटतो. परंतु घडले ते असे.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी प्रत्यक्ष काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला व एप्रिलमध्ये परतले.

आता भांडवल हवे होते, आणि केवळ शब्दांवर पैसा कोण देणार? दादासाहेबांनी स्वतःलाच एक स्वाध्याय घातला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसविला आणि कोंब फुटून रोप वाढेपर्यंत ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. ती चित्रे भराभर पडद्यावर टाकताच कित्येक दिवसांची वाढ मिनिटाभरात डोळ्यांदेखत घडू लागली. त्या काळी सेकंदास साधारण सोळा चित्रे धावत. म्हणजे एका मिनिटास साडेनऊशेच्या वर! कॅमेरा तसूभर हलला अथवा उजेड कमीजास्त झाला की रोप पडद्यावर थरथरलेच म्हणून समजावे. वीस वर्षांची अंधारकोठडी येथे कामास आली. हे चित्र पाहून पैसा लावणारा मनुष्य मिळाला.

त्यानंतर दादरच्या घरात ‘राजा हरिश्चंद्रा’चे काम सुरू झाले. कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रेही घरीच अंधारात पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई करीत. रसायने कालवणे, फिल्म धुणे, कॅमेऱ्यात भरणे हेही त्या शिकल्या, आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा. सुमारे 3700 फूट लांबीच्या त्या पटात, फुटास सोळाप्रमाणे, एकोणसाठ हजारांवर चित्रे होती. 3 मे 1913 रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला.

पुढे नाशिक येथे त्यांनी अनेक चित्रपट काढले. बोलपटाचा काळ मात्र त्यांस मानवला नाही, व 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथेच त्यांचे देहावसान झाले. चित्रपट कसे तयार करतात, हे दाखविणारा एक लहानसा पटही त्यांनी काढला होता. त्याचे जे तुकडे आज शिल्लक आहेत त्यांत स्वतः दादासाहेब फिल्म हातात धरून काम करताना दिसतात.